वैमानिक मजुमदार आणि त्यांचे जमिनीवरचे साथी

विद्यार्थीमित्रांनो, धुळ्याच्या किंवा जळगावच्या एस.टी. डेपोत रात्री उशिरा तुम्ही कधी गेला आहात का? शेवटची गाडी येते. प्रवासी उतरतात, आपापल्या घरी जातात. ड्रायव्हरही हातातली पिशवी सावरत निघून जातो. मग त्या रिकाम्या गाडीखाली एक दिवा पेटतो. कोणीतरी पाठीवर झोपून ब्रेक तपासत असतो, कोणी इंजिनाचे झाकण उघडून तेल पाहत असतो. सकाळी तीच गाडी चोपड्याला किंवा शिरपूरला निघते, तेव्हा आपल्याला ड्रायव्हर दिसतो. गाडीखालचा माणूस दिसत नाही.

विमानाचेही असेच आहे. आकाशात विमान उडाले की सगळ्यांची नजर वैमानिकाकडे जाते. शौर्यपदक त्याला मिळते, वर्तमानपत्रात फोटो त्याचा छापून येतो. पण एक विमान एक तास आकाशात राहावे म्हणून जमिनीवर अनेक माणसे कितीतरी तास राबत असतात. आज ज्यांची माहिती तुम्हांला सांगायची आहे ते स्वतः वैमानिक होते, आणि मोठे नामवंत वैमानिक होते. त्यांचे नाव करुण कृष्ण मजुमदार. हवाई दलात सगळे त्यांना जम्बो म्हणत. त्यांच्या पराक्रमाची गोष्ट जमिनीवरच्या माणसांना वगळून सांगता येत नाही, म्हणून पाठाच्या नावातच त्यांनाही घेतले आहे.

मजुमदारांचा जन्म १९१३ साली एका सुशिक्षित बंगाली कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे वडील म्हणजे व्योमेशचंद्र बॅनर्जी. हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष हेच बॅनर्जी होते. त्याच काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन १९३६ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूरला झाले. म्हणजे ज्या झाडाचे बी आजोबांनी लावले, त्याची एक फांदी आपल्या खानदेशापर्यंत आली होती. अशा घरातला हा मुलगा इंग्लंडला क्रॅनवेल येथे विमान चालवण्याचे शिक्षण घेऊन हवाई दलात अधिकारी झाला.

हे हवाई दल तेव्हा अगदी नवे होते. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कायद्याने स्थापन झाले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे त्याची पहिली तुकडी उभी राहिली. विमाने किती? फक्त चार. वापिती नावाची ती दोन पंखी, कापडाने मढवलेली जुनी विमाने होती. अधिकारी मोजकेच होते. त्यांत सुब्रतो मुखर्जी होते, ऐजाद बक्ष आवान होते, भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग होते. यांपैकी भूपेंद्रसिंग आणि अमरजितसिंग त्याच वर्षी विमान अपघातात मरण पावले. उडणे हे तेव्हा किती धोक्याचे काम होते, ते यावरून समजते.

आणि अधिकाऱ्यांबरोबर होते हवाई सिपाही. हा शब्द ऐकून तुम्हांला आनंद वाटेल, कारण हवाही तुमच्या ओळखीची आणि सिपाहीही. मराठीत त्याच सिपाहीचा शिपाई झाला आहे. तर हे पहिले हवाई सिपाही केवळ वीस-एक होते. विमानाचे इंजिन उघडणे, पंखांचे कापड शिवणे, तारा ताणणे, बंदुका साफ करणे, बिनतारी यंत्र चालवणे ही सर्व कामे त्यांची. कधीकधी वैमानिकाच्या मागे बसून बंदूकही त्यांनाच चालवावी लागे.

अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचा असा समज होता की हिंदी माणूस घोड्यावर बसेल, बंदूक चालवेल, पण यंत्र सांभाळणे त्याला जमायचे नाही. हा समज किती पोकळ होता ते एका माणसाने दाखवून दिले. त्यांचे नाव हरजिंदरसिंग. लाहोरजवळ मुघलपुऱ्याला मॅक्लेगन इंजिनिअरिंग कॉलेज होते. तिथून ते इंजिनिअर होऊन बाहेर पडले. त्या काळात इंजिनिअरला रेल्वेत किंवा सरकारी खात्यात चांगली जागा मिळत असे. ते सोडून हरजिंदरसिंग साधे हवाई सिपाही म्हणून भरती झाले. पगार थोडा, मान त्याहून थोडा. घरच्यांना काय वाटले असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पण आपल्या देशाचे हवाई दल आपल्याच माणसांच्या हातांनी चालले पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. पुढे मजुमदारांच्या पथकात हेच हरजिंदरसिंग जमिनीवरच्या साथींचे प्रमुख झाले.

आता जमिनीवर नेमके काय चालते ते थोडे समजून घेऊ, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही.

प्रत्येक विमानाला ठरलेली माणसे असत. फिटर इंजिन पाही. रिगर विमानाचे अंग पाही, म्हणजे पंख, शेपूट, चाके, तारा. आर्मरर बंदुका भरी आणि बॉम्ब लावी. बिनतारीचा माणूस वेगळा, विजेचा वेगळा. प्रत्येकाने आपले काम संपवले की एका छापील नोंदीवर सही करायची. त्या नोंदीला सातशे नंबरचा फॉर्म म्हणत. सगळ्यांच्या सह्या झाल्या की शेवटी वैमानिक तो फॉर्म वाचून सही करी आणि मगच विमान आपल्या ताब्यात घेई. त्या कागदाचा अर्थ काय होता, ते नीट पाहा. फिटरची सही म्हणजे त्याने एका माणसाच्या जिवाची हमी घेतली. वैमानिकाची सही म्हणजे त्याने ती हमी मानली. आपण परीक्षेच्या अर्जावर किती घाईने सही करतो! तिथे तसे चालत नसे. एक ढिला नट राहिला तरी वर दोन हजार मीटरवर त्याची किंमत द्यावी लागे, आणि ती किंमत सही करणाऱ्याला नव्हे तर दुसऱ्यालाच द्यावी लागे.

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि बघता बघता जपानी फौजा ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये शिरल्या. त्या वेळी मजुमदार हवाई दलाच्या पहिल्या पथकाचे प्रमुख होते. १९४१ सालीच ही जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. त्यांच्या पथकाला नवी विमाने मिळाली होती, आणि ती कोणी दिली हे ऐकण्यासारखे आहे. मुंबईत युद्धासाठी देणग्या गोळा करण्याचा एक निधी होता. त्या निधीतून बारा लिसँडर विमाने या पथकाला नोव्हेंबर १९४१ मध्ये पेशावरला भेट देण्यात आली. तेव्हा पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यातच होते. आपल्या इलाख्याच्या राजधानीने दिलेली विमाने घेऊन हे पथक युद्धावर निघाले.

पण लिसँडर हे काही लढाऊ विमान नव्हते. जमिनीवरच्या सैन्याला मदत करण्यासाठी ते बनवले होते. शत्रू कुठे आहे ते पाहावे, छायाचित्रे काढावीत, तोफांना निशाणा सांगावा, एवढेच त्याचे काम. पंख वर, मोठाल्या खिडक्या खाली, चाके कायमची बाहेर. वेग ताशी सुमारे ३४० किलोमीटर. जपानी लढाऊ विमाने याहून पुष्कळ वेगवान होती. त्यांच्यासमोर लिसँडर म्हणजे घोड्यासमोर बैलगाडी.

फेब्रुवारी १९४२ च्या सुरुवातीला पथक ब्रह्मदेशातील टौंगू येथे पोहोचले. ते पोहोचतात न पोहोचतात तोच त्या विमानतळावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. ही विमाने सीमेपलीकडच्या सयामातून, म्हणजे आजच्या थायलंडमधून येत होती. तिथे मे हाँग सॉन नावाच्या गावी त्यांचा एक तळ होता. मार खाऊन गप्प बसणे मजुमदारांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी ठरवले की उत्तर द्यायचे, आणि याच लिसँडरने द्यायचे.

इथे जमिनीवरच्या साथींची खरी कसोटी लागली. टेहळणीच्या विमानातून मोठे बॉम्ब न्यायचे होते. प्रत्येक बॉम्ब अडीचशे पौंडांचा, म्हणजे सुमारे एकशे तेरा किलो. कापसाची भरलेली गोणी उचलताना दोन माणसांची काय दशा होते ते तुम्ही पाहिले असेल. कापसाची गोणी हातातून सुटली तर फुटत नाही, हा फरक लक्षात ठेवा. बॉम्ब विमानाखाली नेमक्या जागी बसवायचा, कडी पक्की आहे की नाही ते पाहायचे, आणि वैमानिकाने कळ दाबताच ती सुटेल याची खात्री करायची. कडी आधी सुटली तर स्वतःच्याच धावपट्टीवर अनर्थ. सुटलीच नाही तर बॉम्ब तसाच लटकवत परत येऊन उतरायचे, म्हणजे त्याहून मोठा अनर्थ. हे सारे अशा जागी करायचे, जिथे पुन्हा कोणत्याही क्षणी शत्रूची विमाने येऊ शकत होती.

दोन बॉम्ब लावून मजुमदार एकाच लिसँडरने निघाले. सोबतीला बफेलो जातीची दोन लढाऊ विमाने होती. मजुमदारांनी विमान जंगलाच्या झाडांना लागेल इतके खाली ठेवले, म्हणजे दुरून ते कोणाला दिसू नये. डोंगर ओलांडून ते मे हाँग सॉनवर पोहोचले, तेव्हा जपान्यांना याची काहीच कल्पना नव्हती. अशा संथ विमानातून कोणी हल्ला करील हे त्यांच्या मनातही आले नसेल. मजुमदारांचे बॉम्ब विमाने ठेवण्याच्या शेडवर नेमके पडले. आणि ते सुखरूप परत आले.

दुसऱ्या दिवशी ते सगळे पथक घेऊन पुन्हा त्याच तळावर गेले. इमारती, बिनतारी केंद्र आणि जमिनीवर उभी असलेली विमाने यांवर बॉम्ब टाकले. एका विमानाऐवजी आता अनेक विमाने तयार करायची होती, आणि हातात होती फक्त एक रात्र. ती रात्र साथींनी कशी काढली असेल ते मी सांगत बसत नाही. ज्या तळावरून विमाने युद्धावर जातात, तिथे खाली राहिलेले लोक त्यांच्या परतण्याची वाट पाहतात आणि एकेक मोजत जातात. फिटरला आपल्या विमानाचा आवाज लांबूनच ओळखू येतो.

त्यानंतरचे दिवस माघारीचे होते. जपानी सैन्य पुढे येत गेले. ८ मार्च १९४२ रोजी रंगून पडले. पथकाच्या जागा बदलत राहिल्या. सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून एका मोडक्या विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, असे चालले होते. विमान चालवणाऱ्याला माघार घेताना निदान पंख असतात. खालच्या माणसाला हत्यारांची पेटी उचलून रस्त्याने निघावे लागते. या मोहिमेतील कामगिरीबद्दल मजुमदारांना डी.एफ.सी. हे पदक मिळाले. त्या महायुद्धात हे पदक मिळवणारे ते पहिले हिंदी वैमानिक. हरजिंदरसिंगांनाही एम.बी.ई. हा किताब मिळाला. पुढे ते हवाई दलात अधिकारी झाले. जमिनीवर काम करणाऱ्या माणसाला असा मान मिळणे तेव्हा विरळच होते, म्हणून मला या दुसऱ्या बातमीचे महत्त्व पहिलीपेक्षा कमी वाटत नाही.

आता एक अवघड गोष्ट. त्याच १९४२ साली, ९ सप्टेंबरला, आपल्या नंदुरबारमध्ये शाळकरी शिरीषकुमार तिरंगा हातात घेऊन मिरवणुकीत निघाला आणि इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळीने त्याचा जीव घेतला. त्याच्याबरोबर त्याचे साथीही पडले. आणि काँग्रेसच्या पहिल्या अध्यक्षांचा नातू त्याच सरकारचा गणवेश घालून लढत होता. मग यांतला खरा देशभक्त कोण, असे तुमच्यापैकी कोणीतरी नक्की विचारील. विचारायलाच हवे. मला वाटते, शिरीषकुमारच्या धैर्याला कोणाच्या धैर्याच्या तराजूत घालण्याची गरज नाही. आणि मजुमदार व त्यांचे साथी यांच्यासमोरचा प्रश्नही खरा होता. ब्रह्मदेशानंतर जपान्यांचा रोख हिंदुस्थानवर होता. पुढे १९४४ साली ते इंफाळपर्यंत आलेच. शिवाय इंग्रज उद्या गेले तर देशाची विमाने कोण चालवणार आणि कोण दुरुस्त करणार? हरजिंदरसिंगांसारखे लोक हा प्रश्न मनात ठेवूनच पाना हातात धरत होते. तुमचे उत्तर याहून वेगळे असू शकेल.

मजुमदारांना पुढे विंग कमांडर हा वरचा हुद्दा मिळाला. आता कचेरीत बसून हुकूम देता आले असते. पण १९४४ साली युरोपात दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांनी तिथे जाऊन लढण्याची परवानगी मागितली. तिथल्या पथकात त्यांच्या हुद्द्याची जागा नव्हती. त्यांनी आपला हुद्दा एक पायरी खाली घेतला आणि इंग्लंडच्या हवाई दलाच्या २६८ क्रमांकाच्या पथकात ते दाखल झाले.

तिथे त्यांना मस्टँग आणि टायफून ही विमाने मिळाली. टायफून हे त्या युद्धातले नावाजलेले लढाऊ-बॉम्बफेकी विमान. वजन सुमारे पाच टन, इंजिनाला चोवीस सिलिंडर, पंखांत तोफा. काही पथके त्यातून बॉम्ब आणि अग्निबाण नेत. मजुमदारांच्या पथकातील टायफूनना कॅमेरे बसवले होते. शत्रूच्या डोक्यावरून खालून उडत जायचे आणि फोटो काढून आणायचे. लढाई करणाऱ्याला निदान मारता मारता पळता येते. फोटो काढणाऱ्याला विमान सरळ ठेवावे लागते, आणि खालच्या तोफांना नेमके तेच हवे असते. सेन नदीवरचे पूल आणि फालेझची लढाई यांची महत्त्वाची छायाचित्रे त्यांनी आणली. काही महिन्यांत त्यांनी साठांहून अधिक वेळा शत्रूच्या प्रदेशावर उड्डाण केले. याबद्दल त्यांना डी.एफ.सी. दुसऱ्यांदा मिळाले. त्या युद्धात हा मान मिळालेले ते एकमेव हिंदी वैमानिक होते.

नॉर्मंडीत एक गंमतशीर, पण जिवावरची अडचण उभी राहिली होती, ती आपल्या खानदेशातल्या मुलांना लगेच समजेल. ती म्हणजे धूळ! शेतांतून घाईघाईने धावपट्ट्या केल्या होत्या. विमान सुरू झाले की पांढऱ्या धुळीचे लोट उठत. मे महिन्यात आपल्याकडे वावटळ उठते ना, तसे. ती बारीक धूळ टायफूनच्या इंजिनात जाई आणि आतले भाग घासून खाई. चांगली इंजिने थोड्याच तासांत निकामी होऊ लागली. शेवटी हवा आत घेण्याच्या तोंडावर धूळ अडवणारी गाळणी बसवण्यात आली. ती तयार करून एकेका विमानाला लावण्याचे काम अगदी थोड्या दिवसांत पार पडले. हे करणारी माणसे तंबूत राहत होती, रात्री तोफांचे आवाज ऐकत होती. वैमानिकाने आणलेला फोटोही शेवटी त्यांच्यापैकीच कोणीतरी अंधाऱ्या गाडीत धुऊन काढायचा.

युद्धातून मजुमदार जिवंत परत आले. जपानी तोफांनी आणि जर्मन तोफांनी जे केले नाही, ते घरी घडले. १७ फेब्रुवारी १९४५ रोजी लाहोरला वॉल्टन विमानतळावर लोकांसमोर विमानाच्या कसरती चालू होत्या. मजुमदार हरिकेन विमान चालवत होते. ते विमान खाली कोसळले आणि मजुमदार मरण पावले. तेव्हा त्यांचे वय फक्त एकतीस वर्षांचे होते. अडीच वर्षांनी देश स्वतंत्र झाला, तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९३३ साली चार विमानांनी सुरू झालेले हवाई दल युद्ध संपताना सुमारे २८,५०० माणसांचे झाले होते. त्यांत अधिकारी होते साधारण १,६००. हे आकडे वजा करून पाहा. उरलेली माणसे बहुतेक जमिनीवरचीच होती. त्यांची नावे फारच थोड्या ठिकाणी लिहिलेली सापडतात. १९४७ साली फाळणी झाली, तेव्हा विमाने वाटली गेली, हत्यारांच्या पेट्या वाटल्या गेल्या आणि एकाच विमानावर काम केलेले फिटर आणि रिगरही दोन देशांत वाटले गेले.

हरजिंदरसिंग भारतात राहिले आणि एअर व्हाइस मार्शल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. साधा हवाई सिपाही म्हणून पाऊल ठेवलेल्या माणसाची ही मजल होती. हवाई दलाच्या देखभाल कमांडचे ते प्रमुख झाले. त्या कमांडचे ठाणे तेव्हा कानपूरला होते, आज ते आपल्या महाराष्ट्रात नागपूरला आहे. कानपूरलाच त्यांनी एक लहान विमान तयार करवले. नंतर तिथे अॅव्हरो हे प्रवासी विमान जोडण्याचे काम सुरू झाले. सुब्रतो मुखर्जी १९६० साली अचानक वारले होते. मजुमदारांच्या आधी पहिल्या पथकाचे नेतृत्व करणारे हेच ते मुखर्जी. १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपुरात तयार झालेले पहिले अॅव्हरो विमान आकाशात उडाले. त्या विमानाचे नाव ठेवले होते सुब्रतो.